खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

सोपान, तुझ्या दशक्रियेला भीमेच्या घाटावर सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाला, "कंपनीतले जुने सहकारी दोन शब्द बोलतील." माझ्या आधी पाच जण बोलून गेले होते. त्यातल्या तिघांनी तुला कधी पाहिलंही नसेल, पण आपल्याकडे दहाव्याला श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग असतेच आणि निवडणूक जवळ आली की ती लांबते. मीही बोललो. म्हणालो, "चूक माणसाकडूनच होते. सोपानकडूनही एक झाली. पण त्यानं ती मोठ्या मनानं मान्य केली, दुसऱ्यावर ढकलली नाही." पुढं बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. तुझे आबा मान खाली घालून बसले होते. मी माईक परत दिला तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, "चांगलं बोलला."

बोलायला मी पहिल्यापासून पटाईत. तूच म्हणायचास, "विन्या, तुझं तोंड आन् माझं हात एका माणसाला बसवलं असतं, तर त्यो साहेब झाला असता." पुढं साहेब मी झालो, नुसत्या तोंडावर.

ती चूक तुझी नव्हती. हे मी आता लिहितोय, तू वाचू शकणार नाहीस याची पुरती खात्री झाल्यावर. माझी हिंमत एवढीच.

मी कंपनीत आलो तेव्हा माझ्याजवळ शिरूरच्या टायपिंग क्लासमधलं तीन महिन्यांचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं आणि एक इस्त्रीचा शर्ट. नगर रस्त्यावरचा कारखाना, त्यात मागच्या बाजूला आपली कॉम्प्युटर रूम. एसी असल्यामुळं उन्हाळ्यात सगळ्या खात्यांना आपल्याकडं काहीतरी काम निघायचं. तू कोपऱ्यात त्या बॅकअप सर्व्हरसमोर बसलेला असायचास. दौंडकडच्या वाडीतला, मेंढरं विकून बागायत धरलेल्या घरातला पोरगा, एसटी स्टँडमागं चार जणांत एक खोली करून राहणारा. मला वाटलं हा हमाल आहे, टेपची खोकी उचलायला ठेवलाय. दुपारपर्यंत कळलं की कारखान्याची सगळी स्मरणशक्ती याच्या ताब्यात आहे.

तो सर्व्हर काय करतो हे तू मला पहिल्या दिवशी समजावलंस. सगळ्या खात्यांच्या फायली रोज त्याच्याकडं येतात आणि तो त्या टेपवर भरून ठेवतो. एकाच टेपवर दहा खात्यांच्या फायली मिसळलेल्या. कुठली फाईल कुठल्या टेपवर, कुठं सुरू होते, कुठं संपते, हे फक्त त्याच्या डेटाबेसला ठाऊक. "आमच्यात चार धनगरांचं वाडं एका रानात उतरलं की मेंढरं समदी मिसळत्यात," तू म्हणालास. "कुणाचं कोणचं, ते फकस्त आमच्या आज्याला कळायचं. त्यो डेटाबेस म्हंजी आपला आज्या. मेंढरं असून उपेग न्हाई, आज्या पायजे." मी हसलो होतो. पुढं कित्येक नव्या पोरांना मी तेच उदाहरण देऊन शिकवलं, आणि तुझं नाव कधी घेतलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी डिझाईन खात्याचा आख्खा फोल्डर पुसून टाकला. धावत तुझ्याकडं आलो. तू टेप लावलीस, कीबोर्डवर दोन बोटांनी टकटक केलंस आणि जेवणाच्या सुट्टीआधी फोल्डर जागेवर. साहेबांना पत्ता नाही, डिझाईनवाल्यांनाही नाही. मग तुझ्या डब्यातली अर्धी बाजरीची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं ठेवून म्हणालास, "चूक झाली तर लगीच सांगत जा मला. लगीच सांगितली तर समदं दुरुस्त व्हतंय." एवढंच. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस, चेष्टेतसुद्धा नाही. माझ्या जागी तू असतास तर मी वर्षभर तुला त्यावरून छळलं असतं.

त्या वर्षीची खंडेनवमी आठवते? कारखान्यातली सगळी मशीनं पुसून, झेंडूच्या माळा घालून सजली होती. फुलं तळेगाव ढमढेऱ्याहून कुणीतरी पोतं भरून आणली होती. मेंटेनन्सचे आप्पा ताट घेऊन आपल्या खोलीत आले, सर्व्हरच्या हिरव्या दिव्यांकडं बघून थबकले. "ह्ये बंद करा की," म्हणाले. "चालू हत्याराला कुंकू लावत न्हाईत. हत्यार त्या दिवशी इसाव्याला असतंय." मी म्हणालो, "आप्पा, हा कधी विसावा घेत नसतो." तुला मात्र ते पटलं. तू म्हणालास, वर्षातनं एक दिवस त्यालाबी मिळू द्या. आणि तू तो रीतसर बंद केलास, आधी डेटाबेस, मग सर्व्हर, तुझ्या पद्धतीनं, एकेक पायरी तोंडानं पुटपुटत.

पूजा झाली. नारळ बाहेर पायरीवर फोडला, आत पाणी नको म्हणून. तुला दौंडची एसटी गाठायची होती, घरी देवाचा कार्यक्रम होता. पिशवी खांद्याला लावून दारातून तू मला सांगितलंस, "विन्या, तासाभरानं चालू कर. स्टोअर नावाच्या लॉगिननंच कर हां. रूटनं न्हाई." मी हो म्हणालो.

सर्व्हर चालवण्यासाठी तू ते स्टोअर नावाचं वेगळं लॉगिन केलं होतंस. डेटाबेसच्या सगळ्या फायली त्याच्या मालकीच्या. रूट म्हणजे आख्ख्या मशीनचा मालक, त्याला कुठलंच दार बंद नसतं, म्हणूनच तू रोजच्या कामाला तो वापरू द्यायचा नाहीस. तासाभरानं मी बसलो तेव्हा स्टोअरचा पासवर्ड मला आठवेना. तू तो एका कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होतास. ड्रॉवर दोन हातांवर होता. माझ्या एका हातात पेढा होता, बाहेर पोरं फोटो काढायला बोलावत होती. रूटचा पासवर्ड पाठ होता. मी रूटनं आत शिरलो आणि सर्व्हर चालू केला. दिवे हिरवे झाले. मी फोटोत जाऊन उभा राहिलो.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तू आलास, सुट्टीनंतर करायचास तसा सर्व्हर एकदा बंद करून स्टोअरच्या नावानं पुन्हा चालू केलास, आणि तो चालू होईना. डेटाबेस उघडता येत नाही, एवढंच इंग्रजीत पुन्हापुन्हा दाखवायचा. तू डिस्कवर जागा आहे का ते पाहिलंस. केबल काढून फुंकर मारून पुन्हा लावल्यास. पासवर्ड बदलून पाहिलास. मॅन्युअलची पानं जिभेला बोट लावून उलटत बसलास. मग माझ्याकडं वळून अगदी सहज विचारलंस, "विन्या, तवा चालू कसा केलतास?"

"तू सांगितलंस तसाच," मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, त्या क्षणी ते खोटं नव्हतं. मला खरंच आठवत नव्हतं. तू पुण्याला फोन लावायला बाहेरच्या टेबलाशी गेलास, मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि फायलींची यादी काढली. सगळ्या फायलींपुढं मालक म्हणून स्टोअर. फक्त शेवटच्या तीन फायलींपुढं रूट. तारीख खंडेनवमीची.

तेव्हा सगळं आठवलं. पेढ्यासकट आठवलं. मी रूटनं चालू केला म्हणून त्या तीन फायली रूटच्या नावावर तयार झाल्या होत्या, आणि आता बिचाऱ्या स्टोअरला आपल्याच घरातल्या तीन खोल्यांत जायची परवानगी नव्हती. बिघाड एवढाच होता. दुरुस्ती एका ओळीची, ती मला येत होती, तूच शिकवली होतीस. फायलींचा मालक बदलायचा आणि सर्व्हर चालू करायचा.

माझ्या मागं साहेब हाताची घडी घालून उभे होते. मनात म्हटलं, हे हलले की गुपचूप करून टाकू. ते हलले नाहीत. उलट म्हणाले, "पुण्याचा इंजिनिअर येतोय. तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." आता हात लावायचा तर का लावतोय ते सांगावं लागणार होतं. मी खुर्चीतून उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

इंजिनिअर तरणा होता, घाईत होता. त्यानं दहा मिनिटं पाहिलं आणि डेटाबेस खराब झालाय म्हणाला. जुना पुसून नवा करू, तुमच्याकडं डेटाबेसची प्रत असेल ती चढवू. तू म्हणालास, "साहेब, जरा थांबू या का? मला अजून एकदा बघू द्या." साहेब म्हणाले, "सकाळपासून बघतोयसच की." तू माझ्याकडं पाहिलंस, सोपान. माझ्या बाजूनं दोन शब्द बोल, असं ते पाहणं होतं. बोलायला पटाईत असलेला मी बूट पाहत होतो. इंजिनिअरनं जुना डेटाबेस पुसला. मग तू तुझ्या हातानं प्रतीची टेप लावलीस, आणि ती अर्ध्यात अडकली. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच अडकली. टेप कुठंतरी खराब झाली होती. ती तू लावून तपासून पाहिली नव्हतीस.

जुन्या साच्यांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर जागा करायला पुसलेली होती, ती फक्त टेपवर होती. टेपा सगळ्या शाबूत. कपाट भरून. पण त्यात कुठं काय आहे हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

तुला राजीनामा द्यायला लावला तो दिवस मी कितीदा तरी विसरायचा प्रयत्न केला. साहेबांना तो इंग्रजीत हवा होता, निष्काळजीपणाची कबुली घालून. तुझं इंग्रजी कच्चं. तू माझ्याकडं आलास, "लिहून दे की रं, तुझं चांगलं हाय." मी टाईप केला. चांगल्या भाषेत केला. तू वाचलास, एका शब्दाचा अर्थ विचारलास, आणि सही केलीस. मग म्हणालास, "ती टेप मी बघायला पायजे हुती, विन्या. साहेबांची काय चूक न्हाई." महिन्याभरात तुझी खुर्ची मला मिळाली.

तू दौंडला गेलास. स्टेशनाजवळच्या एका दुकानात फॉर्म टाईप करून द्यायचं, झेरॉक्स काढायचं काम धरलंस. शिरूरला पुन्हा आला नाहीस, बाजाराला म्हणूनसुद्धा नाही. मीच वर्षातून एकदोनदा यायचो. तू दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून पाहायचास, चार पावलं जाऊन परत फिरून चौथ्यांदा. पूर्वीचा सोपान असा नव्हता. दोन बोटांनी टकटक करून विषय संपवणारा माणूस होतास तू.

आणि प्रत्येक भेटीत आपला तोच वाद. चहा येईपर्यंत तू इकडचंतिकडचं बोलायचास, मग कपाकडं बघत सुरू. "टेप खराब झाली ती उन्हानं का धुळीनं रं?" मी म्हणायचो, सोड. "पर मुळात डेटाबेस का गेला? डिस्क तर चांगली हुती." मी म्हणायचो, सोड रे आता, किती उगाळशील. "न्हाई, टेप तर माझीच चूक. पर पैलं काय झालं, ते घावत न्हाई." दर वेळी तुझ्या तोंडून तो प्रश्न निघाला की उत्तर माझ्या जिभेवर यायचं आणि दर वेळी मी बिस्किट बुडवून खायचो. लोक म्हणतात खरं बोलायला एक क्षण लागतो. मला असे कितीतरी क्षण मिळाले, तूच बसून दिलेस, वर चहाचे पैसेही देऊ दिले नाहीस.

कावीळ झाली, ती पोटात उतरली, पुण्याला नेलं, हे मला तुझ्या आबांनी फोनवर सांगितलं. मी ठरवून निघालो. एसटीत पहिलं वाक्य काय बोलायचं ते पाठ केलं. तू खाटेवर एवढासा झाला होतास, डोळे हळदीसारखे. तुझी बायको मंगल खालून औषधं आणायला गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तूच म्हणालास,

"विन्या, एक इच्यारू? त्या दिवशी फायलींचा मालक कोण हुता, ते बघितलं हुतं का रं आपण? मला आता पडल्या पडल्या वाटतंय, समदं बघितलं, तेवढंच ऱ्हायलं."

इतक्या वर्षांनी, टेप नाही, मॅन्युअल नाही, पडल्या पडल्या तू बरोबर त्या जागी पोचला होतास. मी फक्त नाही म्हणायचं होतं.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "मीच बघितलं. सगळ्या स्टोअरच्याच नावावर होत्या."

तू छताकडं पाहिलंस. मग म्हणालास, "तू बघितलं म्हंजी झालंच." आणि डोळे मिटलेस.

मरणाच्या दारात असलेल्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून मी असं बोललो, ही समजूत मी भीमेच्या घाटापर्यंत सांभाळून आणली होती. माईकवर बोलून खाली बसलो तेव्हा ती गेली. तू नीट झोपावंस म्हणून मी खोटं बोललो नव्हतो. मी घाबरलो होतो. खाटेवरून उठता न येणाऱ्या माणसाला घाबरलो होतो.

म्हणून तेरावा झाल्यावर आठवड्यानं मी पुन्हा दौंडला गेलो, मंगलकडं. ती आता रेल्वेतल्या लोकांचे जेवणाचे डबे करते. स्वयंपाकघरात ओळीनं डबे मांडलेले, ती चपात्या लाटत होती. "बसा भावजी," म्हणाली. मी बसलो आणि या वेळी पाठ न करता सांगून टाकलं. ड्रॉवर, पेढा, त्या तीन फायली, साहेब मागं उभे होते ते, इंग्रजीतला राजीनामा, आणि दवाखान्यात काय बोललो तेही. तिनं तव्यावरची चपाती उतरवली आणि गॅस बंद केला.

मला वाटलं ती लाटणं फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली आणि पदरानं हात पुसत राहिली, पीठ निघून गेलं तरी पुसत राहिली.

"जेवताना हात थांबायचा त्यांचा," ती म्हणाली. "म्हणायचे, मंगल, ती टेप मी बघायला पायजे हुती. आन् म्या म्हणायची, व्हय, बघायला पायजे हुती. चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं तुमी, पोरीला इंग्लिश शाळंतनं काढली तुमच्या त्या टेपंपायी. भांडणात तर दर टायमाला काढायची म्या ती टेप. त्ये कवा उलटून बोलले न्हाईत. मान खाली घालून जेवायचे." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी आता मला सांगून मोकळं झाला, भावजी. म्या कुणाला सांगू?"

तिनं उठून गॅस पुन्हा पेटवला, कारण एकचे डबे जायचे होते. मी तिथंच बसून होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, खरं बोललो की निदान एका माणसाचं ओझं उतरेल. ते कुणाचंच उतरलं नाही, सोपान. तुझं तू घेऊन गेलास, आणि माझ्यातलं निम्मं मी तुझ्या बायकोच्या डोक्यावर ठेवून शिरूरची एसटी पकडली.